हलक्या चाकाची किंमत

मोटारीतली एखादी सोय मुद्दाम काढून टाकणारे लोक जगात फार नसतात. काच वर-खाली करणारी मोटर काढून कोणी पुन्हा हाताची मूठ बसवत नाही. पॉवर स्टिअरिंगची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते काढून गाडी पुन्हा हाताच्या जोरावर चालवणारे लोक आहेत आणि त्यांच्यात दोन अगदी भिन्न वर्ग आहेत. पहिला वर्ग शौकिनांचा. रस्ता हाताला कळला पाहिजे, इंजिनावरचा भार कमी झाला पाहिजे, शर्यतीसाठी दहा-पंधरा किलो वजन वाचले पाहिजे, ही त्यांची कारणे. दुसरा वर्ग गरजूंचा. जुन्या गाडीचा पंप गळू लागतो, नवा पंप किंवा रॅक परवडत नाही. मग मिस्त्रीकडून पंपाचा बेल्ट काढून घ्यायचा आणि गाडी तशीच दामटायची.

या दोघांची एकमेकांशी ओळख नसते, पण दोघांचे एक गृहीतक समान असते. पूर्वीच्या गाड्या बिनपॉवरच्याच होत्या, तेव्हा पंप काढला की आपली गाडी पूर्वीच्या गाडीसारखी होईल, असे दोघेही मानतात. हे गृहीतक इतिहासाला धरून आहे का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी अभियंता नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे. पण गेली काही वर्षे रद्दीच्या दुकानांतून जुनी सर्व्हिस मॅन्युअल गोळा करणे, पेटंटची कागदपत्रे वाचणे आणि गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून प्रश्न विचारणे हा माझा उद्योग आहे. त्यातून जी संगती लागली ती इथे मांडतो.

बैलगाडीला सुकाणू नसते

आपल्या बैलगाडीला वळवण्याची वेगळी यंत्रणा नाही. चाके दोन, आणि वळणे हे बैलांचे काम. प्रश्न सुरू होतो तो चार चाकांपासून. युरोपातल्या घोड्यांच्या चारचाकी गाड्यांचा पुढचा आख मधल्या एका खिळीवर अख्खाच्या अख्खा फिरत असे. अशा गाडीचे एक चाक दगडाला अडले की त्या धक्क्याला अर्ध्या आखाएवढी तरफ मिळे आणि सगळा आख हिसका खाऊन वळे.

म्युनिकचा गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने यावर उपाय शोधला. आख स्थिर ठेवायचा आणि दोन्ही टोकांची चाके आपापल्या खिळीवर वळवायची. लंडनमधले प्रकाशक रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढे नाव राहिले ते आकरमान यांचेच. घोडागाड्यांना या युक्तीची फारशी निकड नव्हती, कारण तिथेही ओढून वळवायला जनावर होते. मोटारीत जनावर नाही. तिथे वळवण्याचा सारा भार माणसाच्या हातावर आला.

सुरुवातीच्या मोटारींना होडीसारखा दांडा असे. १८९४ सालच्या पॅरिस-रुआँ स्पर्धेत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक लावले होते. दांडा एका झटक्यात पूर्ण वळतो, चाकाला मात्र अनेक फेरे देता येतात, आणि मोठा फरक इथेच पडला. वळवण्याचे श्रम जणू हप्त्यांनी फेडता येऊ लागले. मधल्या दंतचक्राचे गुणोत्तर वाढवले की प्रत्येक हप्ता हलका होतो, हप्त्यांची संख्या वाढते. मॅन्युअल स्टिअरिंगचे सारे शास्त्र या एका हिशेबावर उभे आहे.

गंमत म्हणजे सुकाणू हा अरबीतून आलेला आणि आपल्या खलाशांनी रुळवलेला शब्द मराठीत असूनही मोटारीने तो घेतला नाही. राजकारणाने घेतला. ड्रायव्हर मात्र पहिल्यापासून ‘स्टिअरिंग’च म्हणत आला.

वॉलथॅममधला प्रयोग

फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम करत होता. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे काय हाल होतात, हे तो रोज पाहत होता. १९२०च्या दशकात नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलथॅम येथे छोटी कार्यशाळा थाटली. जोर देण्यासाठी तेलाचा दाब वापरावा ही कल्पना एकट्या त्याचीच होती असे नाही. अडचण वेगळी होती. सतत दाबाखाली ठेवलेले तेल गळते.

डेव्हिसने तेल दाबून ठेवण्याऐवजी वाहते ठेवले. गाडी सरळ जात असताना झडप उघडी असते आणि पंपाचे तेल विनाअडथळा फिरून टाकीत परत येते. ड्रायव्हरने चाक वळवले की झडप त्या बाजूला किंचित आवळली जाते, दाब तेवढ्यापुरता वाढतो आणि रॅकला किंवा गिअरबॉक्सला धक्का देतो. हात थांबला की दाब ओसरतो. १९२६ साली त्याने पिअर्स-ॲरो गाडीवर हे चालवून दाखवले. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला, पण मंदीच्या काळात खर्च परवडेना म्हणून १९३४ साली योजना गुंडाळली. दुसऱ्या महायुद्धात चिलखती वाहनांना हे तंत्र उपयोगी पडले. सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत ते आले १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. तोवर डेव्हिसच्या मुख्य पेटंटांची मुदत संपली होती. हे पाहून जनरल मोटर्स पुन्हा डेव्हिसकडे वळली आणि पुढच्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये त्याचे तंत्र दिसू लागले.

यंत्र तयार होऊन ते बाजारात येईपर्यंत पंचवीस वर्षे लोटली. या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या गाड्या जड होत गेल्या आणि त्यांना वळवणारे हात तेवढेच राहिले.

वाचलेला जोर कुठे गेला?

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. पंपाने ड्रायव्हरचे जे श्रम वाचवले, ते सगळे ड्रायव्हरच्या पदरात पडले का? नाही. त्यातला मोठा वाटा गाडी आखणाऱ्यांनी इतरत्र खर्च केला.

पहिला खर्च दंतचक्रांच्या गुणोत्तरात. माझदाची १९८९ सालची दोन आसनांची एमएक्स-५ इथे उदाहरण म्हणून फार सोयीची आहे, कारण ती दोन्ही प्रकारांत मिळत असे. तिच्या मॅन्युअल रॅकचे गुणोत्तर सुमारे १८ ला १, तर पॉवर रॅकचे सुमारे १५ ला १. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला मॅन्युअल गाडीत चाकाचे सुमारे सव्वातीन फेरे लागत, पॉवर गाडीत पावणेतीनच्या आसपास. म्हणजे पंप आल्यावर कारखान्याने हप्ते कमी केले आणि प्रत्येक हप्ता मोठा केला. पंप भरतो आहे तोवर ते जाणवत नाही.

दुसरा खर्च वजनात आणि टायरमध्ये. उभ्या गाडीचा टायर जागच्या जागी वळवायला किती जोर लागतो, यासाठी टायरशास्त्रात गॉफ यांच्या नावाने ओळखले जाणारे एक ठोकळ सूत्र आहे. त्याप्रमाणे टायरवरचे वजन दुप्पट झाले की प्रतिकार दुप्पट न होता जवळजवळ पावणेतीन पट होतो. हवेचा दाब कमी असेल तर तो आणखी वाढतो. आता पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचा विचार करा. इंजिन, गिअरबॉक्स, सारे काही पुढच्या चाकांवर. गाडीच्या वजनाचा साधारण साठ टक्के वाटा तिथेच. शिवाय टायर रेडियल आणि रुंद झाले. पंप नसता, तर हे सारे सामान्य ड्रायव्हरला झेपले नसते.

तिसरा खर्च चाकांच्या बैठकीत. चाक ज्या खिळीभोवती वळते ती खिळ थोडी मागे कललेली असते. त्याला कॅस्टर म्हणतात. कल जास्त असेल तर वेगात गाडी सरळ रेषा धरून राहते आणि वळणानंतर चाक आपोआप मध्यावर येते, पण वळवायला जोर जास्त लागतो. मॅन्युअल गाड्यांत हा कल बेताचा ठेवत. पंप आल्यावर तो वाढवायची मोकळीक मिळाली.

एखाद्या घरात पगार वाढावा आणि त्या भरवशावर मोठे घर, मोठा हप्ता, मोठा खर्च सुरू व्हावा, तसेच हे झाले. नंतर वाढीव पगार बंद झाला तर माणूस जुन्या दिवसांत परत जात नाही. तो अडचणीत येतो.

आपल्याकडची मनगटे

आपल्याकडच्या गाड्यांकडे या नजरेने पाहिले की त्यांची रचना नव्याने समजते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मुळात फियाट ११०० डी. तिचे टायर ५.२० रुंदीचे आणि १४ इंची रिंगचे, म्हणजे आजच्या मानाने अगदी अरुंद. स्टिअरिंग वर्म पद्धतीचे, चाक मोठ्या व्यासाचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने तेच चाक दिवसाचे दहा-बारा तास फिरवले आणि शिवाय डाव्या हाताने स्टिअरिंगच्या नळीवरचा गिअर टाकला. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात नोंदवली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि वीस वर्षांची मुदत संपून हा प्रकार मुंबईच्या रस्त्यावरून गेला तो २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस. १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० तर साडेसहाशे किलोंच्या आसपासची. १२ इंची बारीक टायर, साधे रॅक आणि पिनियन. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिला पॉवर स्टिअरिंग मिळाले नाही आणि कोणाला त्याची फारशी उणीवही भासली नाही.

जुन्या ड्रायव्हरांशी बोलताना लक्षात आले की रचनेइतकाच त्या काळात रिवाजही महत्त्वाचा होता. एका निवृत्त टॅक्सीवाल्या काकांना मी विचारले, “काका, दिवसभरात खांदे भरून येत नव्हते?”

ते म्हणाले, “येत होते की. पण उभ्या गाडीत चाक पिळायचंच नाही, ही पहिली शिकवण. गाडी जराशी हलती ठेवायची, मग चाक आपणहून येतं. आणि अंगठा आत घालायचा नाही. खड्ड्यात चाक उलटं फिरलं तर अंगठा गेलाच म्हणून समजा.”

या दोन वाक्यांत अर्ध्या शतकाचे प्रशिक्षण आहे. लोळता टायर वळवायला उभ्या टायरपेक्षा फार कमी जोर लागतो, हे शास्त्र त्यांनी सूत्राविना आत्मसात केले होते. पॉवर स्टिअरिंगवर शिकलेल्या पिढीला हा रिवाज कधी शिकवावाच लागला नाही.

मात्र त्या दिवसांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. माझी थोरली बहीण ॲम्बेसिडरवर गाडी शिकली. तिला ते जमले, पण तिच्याबरोबरच्या दोन मैत्रिणींनी हात दुखतात म्हणून आठवड्यात शिकणे सोडले. “हे बायकांचं काम नाही,” असे त्यांना सांगितले गेले. प्रत्यक्षात ते ॲम्बेसिडरच्या पुढच्या आखावरच्या वजनाचे काम होते. हलक्या चाकाने गाडी चालवण्याचा अधिकार किती जणांना दिला, याचा विचार शौकिनांच्या गप्पांत सहसा येत नाही. लहान चणीची माणसे, वयस्क माणसे, खांद्याचे दुखणे असलेली माणसे, सगळीच त्यात आली.

पंप काढल्यावर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पॉवर रॅकच्या गाडीचा फक्त बेल्ट काढला तर काय होते?

पहिली गोष्ट, रॅकच्या नळीत तेल आणि दट्ट्या तसेच राहतात. पूर्वी तेल दट्ट्याला ढकलत होते, आता हातांनी दट्ट्याला ढकलून तेल हलवावे लागते. मदतनीस ओझे होऊन बसतो. दुसरी गोष्ट, हाताचा जोर ओळखण्यासाठी झडपेत एक बारीक पिळदार दांडी असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. पंप नसताना ही दांडी तिच्या मर्यादेपर्यंत पिळली जाते आणि मगच पिनियनला खरा जोर पोचतो. त्यामुळे चाकात मधोमध एक मऊ, पोकळ टप्पा जाणवतो. ज्याला रस्ता हाताला कळायला हवा होता, त्याच्या हाती नेमके उलटे येते. तिसरी गोष्ट, गुणोत्तर, टायर, कॅस्टर आणि पुढचे वजन हे सगळे पंपाच्या हिशेबाचेच राहतात.

म्हणून बेल्ट काढलेली पॉवर गाडी जन्मजात मॅन्युअल गाडीपेक्षा जड चालते. काही गाड्यांत तर त्याच पट्ट्यावर इतर भागही फिरतात, तेव्हा तो काढणे हा पर्यायच नसतो.

जाणकार मिस्त्री याच्या पुढे जातात. रॅकच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींना जोडून तेलाला मोकळी वाट देणे, ही पहिली पायरी. तिने थोडा फरक पडतो. दुसरी पायरी म्हणजे रॅक पूर्ण खोलून दट्ट्याचे सील काढणे, टॉर्शन बारचा पीळ कायमचा बंद करणे, तेलाची तोंडे बुजवणे आणि आत ग्रीस भरणे. हे काम स्टिअरिंगच्या काळजाला हात घालण्यासारखे आहे. जोड सुटला तर चाक हातात फिरते आणि गाडी सरळ जाते. सर्वांत निर्धोक मार्ग तिसरा, त्याच मॉडेलसाठी कारखान्याने मुळात घडवलेला मॅन्युअल रॅक बसवणे. एमएक्स-५सारख्या गाड्यांना तो आहे. आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांना तो कधी घडवलाच गेला नाही.

विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगची कथाही निराळी नाही. १९८८ साली सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा आले. तिथे तेल नाही, पण फ्यूज काढला तरी मोटर आणि तिचे दंतचक्र चाकाला चिकटूनच राहतात आणि हाताला त्यांनाही फिरवत बसावे लागते.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ७९ क्रमांकाचा नियम प्रवासी मोटारीची चाचणी ताशी १० किलोमीटर वेगाने घेतो. यंत्रणा शाबूत असताना चार सेकंदांत १२ मीटर त्रिज्येच्या वळणावर येण्यासाठी १५० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण १५ किलोच्या ओढीपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. मदत बंद पडली असताना मुभा ३०० न्यूटनची, आणि वळणही सैल, २० मीटरचे. मात्र ही मुभा बिघाड झाल्यावर गाडी सावरण्यासाठी आहे, रोज कामावर जाण्यासाठी नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलमही नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करायला मज्जाव करते.

कारखान्यांनी काढले तेव्हा

मग बिनपॉवरची गाडी आजच्या काळात शक्यच नाही का? आहे. कारखान्यांनी तशा गाड्या केल्या आणि त्यांची यादी समोर ठेवली की एक विलक्षण साम्य दिसते.

पोर्शने १९८९च्या सुमारास ९११ला पहिल्यांदा पॉवर स्टिअरिंग दिले आणि दोन-तीन वर्षांतच त्याच गाडीच्या ‘आरएस’ आवृत्तीतून बहुतेक ठिकाणी ते काढूनही टाकले. पण काढताना गाडीचे वजनही शंभराहून अधिक किलोंनी उतरवले. होंडाच्या एनएसएक्सच्या सुरुवातीच्या हाताच्या गिअरच्या गाड्या, १९९६ची लोटस एलिस, २०१३ची अल्फा रोमिओ ४सी, या सगळ्या मदतीविना वळणाऱ्या. या यादीत मी आणखी एक नाव घालतो, ते वाचून शौकीन मंडळी कदाचित भुवया उंचावतील. ते नाव म्हणजे पुण्यात आखलेली आपली टाटा नॅनो.

या सगळ्यांचे इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आहे. पुढच्या चाकांवर वजन कमी. नॅनोचे पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे १५५चे. पैसे वाचवायला निघालेली पुण्याची गाडी आणि अनुभव विकायला निघालेली जर्मन गाडी एकाच उत्तरापाशी पोचल्या, कारण प्रश्न एकच होता. हाताने वळवायचे तर पुढचा भार आधी उतरवला पाहिजे. तरीही २०१४ साली नॅनोच्या ‘ट्विस्ट’ आवृत्तीला विजेचे पॉवर स्टिअरिंग आलेच. गर्दीत गाडी लावणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच हवे होते.

निष्कर्ष

या साऱ्यातून मला दिसते ते असे. यंत्राचा इतिहास हा एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखा नसतो, की वरचा डबा उचलला आणि खालचा जसाच्या तसा मिळाला. नवा भाग आला की उरलेले सगळे भाग त्याच्या भरवशावर आपली जागा बदलतात. पॉवर स्टिअरिंग काढून मागे जायचे असेल, तर रॅक, टायर, चाकांची बैठक, पुढचे वजन आणि ड्रायव्हरच्या सवयी, हे सगळे बरोबर घेऊन मागे जावे लागते. शौकिनाने हे समजून, जाणत्या हाताकडून आणि कायद्याच्या चौकटीत केले तर त्याला त्याचा आनंद जरूर मिळावा.

काळजी वाटते ती दुसऱ्या वर्गाची. पंपाचे पैसे नाहीत म्हणून बेल्ट काढून भाडे मारणारा ड्रायव्हर जुन्या काळात गेलेला नसतो. पद्मिनीच्या ड्रायव्हरकडे निदान पद्मिनीचे टायर आणि पद्मिनीचे गुणोत्तर होते. याच्याकडे नव्या गाडीचे ओझे आहे आणि जुन्या गाडीचा जोर. त्याला कोणी “पूर्वी चालवतच होते की” असे म्हणाले, तर ते इतिहासाला धरून नाही, एवढे तरी आपण सांगू शकतो. आणि गॅरेजवाल्याने बेल्ट कापण्याआधी जुन्या बाजारातला चांगला पंप शोधून दिला, तर ते त्याहून चांगले.